सणाला कोण बोलावील?

डिसेंबर महिना लागला की जबलपूरच्या विजय नगरात संध्याकाळ लवकर उतरते. दिवाळीचे आकाशकंदील तोवर माळ्यावर गेलेले असतात आणि काही घरांच्या सज्ज्यांवर त्यांच्या जागी कागदी चांदण्या दिसू लागतात. आमच्या शेजारच्या घरावर अशीच एक चांदणी दरवर्षी लागते. हे कुटुंब मराठी ख्रिस्ती. मूळचे जुन्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील. आजोबा आयुध निर्माणीतील नोकरीच्या निमित्ताने इकडे आले आणि इथलेच झाले. त्यांच्या घरी नाताळच्या करंज्या आमच्या दिवाळीच्या करंज्यांसारख्याच असतात; फरक असलाच तर एवढाच की, त्या आमच्या डब्यातील करंज्या संपल्यानंतर येतात आणि म्हणून अधिक गोड लागतात!

गेल्या वर्षी या घरातील तेवीस वर्षांचा मुलगा आपल्या मंडळीच्या वतीने दोन वर्षांच्या सेवेसाठी परदेशी गेला. दर सोमवारी त्याचे पत्र येते. पत्र म्हणायचे ते जुन्या सवयीने. येते ते भ्रमणध्वनीवर. पण मजकूर मात्र जुन्या पत्रांसारखाच, ऐसपैस. त्याची आई ते मला वाचून दाखवते. सोमवारी वृद्धांच्या घरी वाणसामान पोचवणे, दोन दिवस मुलांची शिकवणी, एक दिवस आजाऱ्यांच्या भेटी, शनिवारी सभागृहाची झाडलोट, रविवारी उपासना. आणि त्यातच नाताळाची गाणी बसविणे, भेटींच्या पुड्या बांधणे. वाचता वाचता वहिनी थांबल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, काम तो करील हो. कामाची मला काळजी नाही. पण सणाला माझ्या लेकराला जेवायला कोण बोलावील?"

त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. परंतु त्या प्रश्नाने मला नव्वद वर्षांपूर्वीची, आमच्याच नर्मदेच्या वरच्या अंगाला घडलेली एक हकीकत आठवली. ती आज आपणांस सांगावी असे मनात आहे.

व्हेरिअर एल्विन हे नाव आपणांपैकी अनेकांनी ऐकले असेल. जन्म १९०२ सालचा, इंग्लंडमधील डोव्हर गावचा. वडील बिशप, ते आफ्रिकेत धर्मकार्य करीत असतानाच निवर्तले. मुलाने ऑक्सफर्डमध्ये उत्तम यश मिळविले आणि १९२७ च्या अखेरीस, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तो हिंदुस्थानात आला तो थेट आपल्या पुण्यास. तेथे जॅक विन्स्लो यांचा ख्रिस्त सेवा संघ होता. विन्स्लो यांनी अहमदनगरकडे काम केलेले; रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा त्यांच्यावर एवढा प्रभाव होता की, टिळकांचे इंग्रजी चरित्र त्यांनी १९२३ साली लिहिले. परदेशी सेवकाने या देशात साहेब म्हणून नव्हे, तर या देशाच्या रीतीने राहावे, खादी नेसावी, जमिनीवर बसून जेवावे, असा संघाचा आग्रह होता. याच संघात एल्विन यांना एक मराठी सोबती लाभला. त्याचे नाव शामराव हिवाळे.

पुढे गांधीजींच्या सहवासाने एल्विन राष्ट्रीय चळवळीकडे ओढले गेले. १९३२ च्या जानेवारीत, चार तारखेच्या पहाटे, मुंबईच्या मणिभवनात गांधीजींना अटक झाली, तेव्हा हे दोघेही तेथेच मुक्कामाला होते. कुठे जाऊन काम करावे, हा प्रश्न त्यांच्यासमोर होता. गोंडांकडे कोणाचेच लक्ष नाही, असे जमनालाल बजाज यांनी त्यांच्या मनात भरविले. नागपूरच्या बिशपांनी एल्विन यांना धर्मकार्याचा परवाना नाकारला. तरीही त्याच महिन्याच्या अखेरीस हे दोन तरुण मैकल पर्वताच्या कुशीतील करंजिया गावी येऊन दाखल झाले. हे गाव अमरकंटकाजवळचे. त्या वेळी ते मंडला जिल्ह्यात होते, आज दिंडोरी जिल्ह्यात आहे. अमरकंटकाला उगम पावलेली नर्मदा त्या मुलुखातून मंडल्याला येते आणि तेथून आमच्या ग्वारीघाटाला.

करंजियातील त्यांच्या आश्रमाला नाव दिले होते संत फ्रान्सिसचे. या नावात त्यांचा सारा संकल्प आलेला होता. असिसीच्या फ्रान्सिसच्या दोन गोष्टी जगाला ठाऊक आहेत. तरुणपणी, ज्या कुष्ठरोग्याच्या दर्शनानेही त्याला शिसारी येई, त्यालाच त्याने घोड्यावरून उतरून कवटाळले, ही एक. आणि १२२३ सालच्या नाताळात ग्रेचो नावाच्या डोंगरगावी त्याने खरा बैल, खरे गाढव आणि खऱ्या गवताची गव्हाण मांडून ख्रिस्तजन्माचा सोहळा केला, ही दुसरी. एकीत सेवा आहे, दुसरीत सण आहे; आणि एकाच माणसाच्या हातून दोन्ही घडली आहेत.

करंजियाचा आठवडा मात्र प्रथम सेवेचाच होता. दवाखाना, शाळा आणि कुष्ठरोग्यांचे आश्रयस्थान अशी तीन कामे हळूहळू उभी राहिली. हिवतापाचा प्रदेश, रोगी डोंगर उतरून यायचे, आणि औषध देणारेही अनेकदा स्वतःच तापाने फणफणलेले असायचे. या दिवसांची टिपणे एल्विन यांनी १९३६ साली इंग्रजीत रोजनिशीच्या रूपाने प्रसिद्ध केली. ती वाचताना नवल वाटते ते याचे की, एवढ्या हालअपेष्टांत त्या माणसाला स्वतःवर हसता येत होते. सेवा करणाऱ्याच्या अंगी हा गुण फार क्वचित आढळतो, असे मला वाटते. आपण उपकार करीत आहोत ही भावना एकदा मनात शिरली की हसू मावळते.

ही भावना कशाने दूर होते? माझ्या मते, ती सणाने दूर होते. दवाखान्यात औषध देणारा एका बाजूस आणि घेणारा दुसऱ्या बाजूस असतो. शाळेतही तसेच. सहा दिवस आपला हात वर आणि समोरच्याचा खाली. परंतु सणाच्या दिवशी हे सारे उलटते. त्या दिवशी गाव यजमान होते आणि सेवक पाहुणा.

गोंडांच्या वर्षाकडे पाहिले की हे चटकन ध्यानात येते. दिवाळीच्या सुमारास तिकडे गुरांना प्रेमाने खिचडी चारतात. आपल्या वसुबारसेची आठवण यावी असा तो प्रकार. पिके निघाली की सैला नाचणाऱ्यांच्या टोळ्या एका गावाहून दुसऱ्या गावी जातात आणि आलेल्यांना जेवू घालणे हा त्या गावाचा मान असतो. पौषाच्या पौर्णिमेला छेरता येतो. मुले दारोदार हिंडून धान्य मागतात आणि मग एकत्र शिजवून खातात. त्या दिवशी मागण्यात कमीपणा नाही. ज्या मुलुखात प्रत्येक झोपडीला लागून गोठा आहे आणि गुरांना सणाचा घास आहे, तेथे फ्रान्सिसची गव्हाण मुद्दाम मांडण्याची गरजच काय? ती तेथे आधीच मांडलेली होती. कोदो-कुटकीची पेज हातात घेऊन बसणे, एवढेच पाहुण्याने करावयाचे होते.

या दोघांनी ते केले. करमा नाचाची गाणी त्यांनी ऐकली, उतरवून घेतली, आणि १९३५ साली गोंडांच्या गीतांचा त्यांचा पहिला इंग्रजी संग्रह दोघांच्या नावाने निघाला. शिकवायला आलेला माणूस असा शिकू लागला. लोकांनी त्यांना नावेही घरचीच दिली : एल्विन बडेभाई, शामराव छोटेभाई. ज्यांना भाऊ म्हटले, त्यांचे धर्मांतर करण्याची इच्छा एल्विन यांना उरली नाही. त्याच १९३५ साली ते आपल्या चर्चमधून बाहेर पडले. पुढे बैगा, अगारिया, मुरिया या जमातींवर त्यांनी मोठमोठे ग्रंथ लिहिले. १९५४ साली ते भारताचे नागरिक झाले. १९६१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. आणि १९६४ साली ते वारले.

श्रोतेहो, ही हकीकत येथेच संपविली तर ती गोड होईल, पण पुरती खरी होणार नाही. १९४० साली एल्विन यांनी कोसी नावाच्या गोंड तरुणीशी विवाह केला. १९४९ साली तो विवाह घटस्फोटाने संपला. आपल्या आत्मचरित्रात त्यांनी जवळजवळ सगळ्या स्नेह्यांची आठवण काढली आहे. कोसीविषयी मात्र त्यांची लेखणी जवळपास मुकी आहे. ज्या लोकांनी पाहुण्याला घरातले माणूस मानले, त्यांच्याच एका लेकीला त्या घरात आपले स्थान राहिले नाही. एका जमातीवर प्रेम करणे सोपे आणि एका माणसाशी इमान राखणे अवघड, हे कटू सत्य या मौनातून ऐकू येते. सणाला बोलावणे येणे हा सन्मान आहे. परंतु ज्याने ताटावर बसून घास घेतला, त्याच्यावर त्या घराचे ऋण चढते. ते ऋण पुस्तके लिहून फिटत नाही.

म्हणूनच मला या कथेत बडेभाईंपेक्षा छोटेभाईंविषयी अधिक आदर वाटतो. १९५४ च्या सुमारास एल्विन ईशान्य सीमेकडे सरकारी कामगिरीवर गेले आणि शिलाँगला राहिले. शामराव मागे राहिले. करंजियाजवळच्याच पाटनगढ गावी त्यांनी परधान समाजातील कुसुम यांच्याशी संसार मांडला होता. त्या परधान समाजावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४६ साली प्रसिद्ध झाला आहे. मोठ्या पदव्या आणि मानसन्मान त्यांच्या वाट्याला आले नाहीत. आज पाटनगढचे नाव देशाबाहेर पोचले आहे ते तेथील परधान चित्रकारांमुळे, जनगढसिंह श्याम यांच्यामुळे. त्या गावाच्या मातीत आयुष्य काढणारा एक मराठी माणूस होता, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी कोणाला ठाऊक नाही. शामराव सेवक म्हणून गेले, सणाला पाहुणे झाले, आणि शेवटी त्या गावचेच यजमान झाले. या तिसऱ्या पायरीपर्यंत फार थोडे पोचतात.

हे सारे मी वहिनींना माझ्या परीने सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. मग नाताळानंतरच्या सोमवारी मुलाचे पत्र आले. ज्या वृद्ध बाईंच्या घरी तो दर आठवड्याला वाणसामान पोचवीत असे, त्यांनीच त्याला सणाला जेवायला ठेवून घेतले होते. त्याने लिहिले होते, "आई, इतके दिवस मी त्यांच्या दारात उभा राहून पिशवी देत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा आत जाऊन खुर्चीवर बसलो. त्यांना चालवत नाही, तरी त्या वाढीत होत्या. मला उठून मदत करावीशी वाटली, पण मी बसून राहिलो. ते फार कठीण गेले."

मला वाटते, तेवीस वर्षांच्या मुलाला कळावयाला हे पुष्कळ झाले. देताना उभे राहणे सोपे असते. घेताना बसून राहणे हीच खरी कसोटी.

पण माझ्या आठवणीत राहिली आहे ती त्याच नाताळाच्या दुपारची गोष्ट. हे पत्र यायचे होते. लेकाला कोणी बोलावले की नाही, हे वहिनींना ठाऊक नव्हते. आमच्या गल्लीत बाहेरगावची मुले शिक्षणासाठी खोल्या घेऊन राहतात. त्यांतला एक दिंडोरीकडचा गोंड विद्यार्थी परीक्षेमुळे सुटीत घरी जाऊ शकला नव्हता. वहिनी स्वतः त्याच्या खोलीवर गेल्या आणि त्याला जेवायला घेऊन आल्या. तो संकोचून म्हणाला, "पण हा सण आमचा नाही." त्यावर वहिनींनी पाट मांडीत म्हटले, "नसू दे. आज माझे लेकरूही कुणाच्या तरी घरी असेच संकोचून बसले असेल. तू जेव."

त्याने दुसऱ्यांदा करंजी मागून घेतली तेव्हा वहिनींनी डबाच त्याच्या पुढे सरकवला.