आजीच्या ओव्या, फ्लॅक आणि माझी एक जुनी चूक

गाण्यांचा संग्रह कुठल्या फॉरमॅटमध्ये ठेवायचा आणि कशावर ऐकायचा, हा आजचा विषय. बरेच जण विचारतात, "एमपीथ्री पुरतं ना रे? फ्लॅक म्हणजे उगाच जागा खाणं नाही का?" उत्तर देण्याआधी माझीच एक चूक सांगतो, म्हणजे मी इतका हट्टी का झालोय ते कळेल.

आमचे आजोबा, म्हणजे आईचे बाबा, चिपळूणला. त्यांच्याकडे एक टू-इन-वन होता. १९९३ साली त्यांनी त्यावर आजीच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. आजी जात्यावर बसलीय, दळतेय आणि गातेय. साठ मिनिटांची कॅसेट, दोन्ही बाजू भरलेल्या. आजी गेली तेव्हा मी पहिलीत होतो, त्यामुळे तिचा आवाज माझ्यासाठी म्हणजे ती कॅसेट.

२०१६ मध्ये, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना, सुट्टीत मी ती कॉम्प्युटरवर घेतली. हेडफोनच्या भोकातून वायर, समोर ऑडॅसिटी, आणि मी एकदम साउंड इंजिनिअर! टेपची खरखर होती म्हणून नॉईज रिडक्शन लावलं. त्यात काय करतात, तर नुसती खरखर असलेला तुकडा आधी निवडून द्यायचा, सॉफ्टवेअर तो 'नको असलेला आवाज' म्हणून शिकतं आणि तसलं जे जे सापडेल ते सगळीकडून कमी करतं. मी सुरुवातीचे पाच सेकंद निवडले. आजी अजून गायला लागली नव्हती ना, म्हणून. पण जातं सुरू होतं. म्हणजे मी सॉफ्टवेअरला शिकवलं की जातं हाच कचरा.

मग बाजू अ संपताना काहीतरी बोलणं होतं, तेही कापलं. मग ९६ केबीपीएसचा एमपीथ्री केला. मूळ वेव्ह फाईल उडवली, कारण हार्ड डिस्क सिनेमांनी भरलेली. आणि दिवाळीच्या साफसफाईत आईने विचारलं, "या कॅसेट ठेवायच्या का रे?" तर मी म्हणालो, "कॉम्प्युटरवर आलंय सगळं, टाक." हे माझं वाक्य. आईचा काही दोष नाही.

आता ९६ केबीपीएस म्हणजे काय झालं? सीडीच्या दर्जाचा आवाज सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट असतो. एमपीथ्री त्यातला 'कानाला कळणार नाही' असा भाग शोधून फेकतो. मोठ्या आवाजाच्या सावलीत लहान आवाज झाकला जातो, त्या तत्त्वावर. कल्पना हुशार आहे, पण बिट फार कमी दिले की त्याला कळणारा भागही फेकावा लागतो. त्यात टेपची खरखर म्हणजे एन्कोडरचं वैर. खरखरीला काही ठरावीक आकारच नाही, त्यामुळे ती दाबणं महाग पडतं, आणि मग सगळं पाण्याखालून आल्यासारखं बुळबुळीत वाजायला लागतं. आजी विहिरीतून गातेय असं वाटायचं.

नोकरी लागल्यावर चांगले हेडफोन घेतले आणि हे पहिल्यांदा नीट ऐकू आलं. तेव्हा मी काय केलं असेल? एमपीथ्रीचा फ्लॅक केला. (हसतो) फाईल कितीतरी पट फुगली, आवाज तस्साच. गेलेलं परत येत नाही. झेरॉक्सची झेरॉक्स महागड्या कागदावर काढली म्हणून अक्षर सुधारत नाही. तुम्हाला कुणी 'एचडी फ्लॅक' म्हणून फाईल दिली तर तिच्या पोटात एमपीथ्री असू शकतो, हे लक्षात ठेवा. स्पेक्ट्रोग्राम उघडून बघा. सोळा किलोहर्ट्झच्या आसपास कडेने कापल्यासारखी सरळ रेघ दिसली तर संशय घ्यायला हरकत नाही.

मागच्या वर्षी सांगलीच्या मावशीकडे हे सगळं बोललो, तर ती म्हणते, "अरे, माझ्याकडे आहे ना ती! बाबांनी आम्हा दोघी बहिणींना कॉपी करून दिली होती." मी ताटावरून उठलोच.

या वेळी घाई केली नाही. डेकचं हेड स्पिरिटने पुसलं. कॅसेट आधी एकदा पुढे, एकदा मागे पूर्ण गुंडाळून घेतली, कारण वर्षानुवर्षं पडून राहिलेली टेप आतल्या आत चिकटलेली असू शकते. मग हेडजवळचा तो छोटा स्क्रू. हेड टेपला काटकोनात नसेल तर वरचे सूर बोथट होतात. स्क्रू केसभर फिरवायचा, ऐकायचं, परत फिरवायचा. 'स' आणि 'च' स्वच्छ ऐकू आले की थांबायचं. या एका गोष्टीने जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याच फॉरमॅटने पडला नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. तासाला साधारण एक जीबी. कॅसेटला एवढ्याची गरज नसते, पण २४ बिटमध्ये लेव्हल खाली ठेवता येते, आणि आजीने मध्येच आवाज चढवला तरी तो फाटत नाही.

आणि मग फ्लॅक. फ्लॅक काही फेकत नाही, झिप फाईलसारखं नुसतं घट्ट बांधतो. जागा मूळच्या साधारण निम्मी ते दोन तृतीयांश लागते. २००१ पासून आहे, फुकट आहे, उघडा आहे. माझ्यातल्या प्रोग्रामरला आवडतं ते वेगळंच: मूळ आवाजाचा एमडी५ ठसा फाईलच्या आतच असतो. दहा वर्षांनी डिस्क कुजायला लागली तर एका कमांडमध्ये कळतं की ही फाईल शाबूत आहे की नाही.

आता कबुली. फूबार२००० मध्ये आंधळी चाचणी घ्यायची सोय आहे, कुठला आवाज कुठल्या फाईलचा हे न सांगता ऐकवते. मी फ्लॅक आणि ३२० चा एमपीथ्री लावून बसलो. मला ओळखता आलं नाही. नुसता अंदाज. त्यामुळे 'फ्लॅक गोड वाजतो' वगैरे मी म्हणणार नाही. फ्लॅक ऐकण्यासाठी नाही, ठेवण्यासाठी. त्यातून उद्या काहीही बनवता येतं. फोनसाठी मी ओपस बनवतो, १२८ चा. कमी जागेत तो एमपीथ्रीपेक्षा फार सरस आहे. बाबांच्या गाडीतल्या स्टीरिओला एमपीथ्रीशिवाय काही कळत नाही, म्हणून त्यांच्या पेन ड्राइव्हवर एमपीथ्री. आयफोनवाल्यांनो, ॲपलच्या म्युझिक ॲपमध्ये फ्लॅक जात नाही. तिथे एएलएसी करा, तोही काही फेकत नाही.

शास्त्रीय ऐकणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. विलंबित आणि द्रुत अशा दोन फाईली असतील आणि मध्ये तानपुरा अखंड चालू असेल, तर एमपीथ्रीत जोडावर बारीकसा खड्डा पडू शकतो. तो फॉरमॅट ठरावीक तुकड्यांत काम करतो, त्यामुळे आगेमागे रिकामी जागा भरतो. चांगला प्लेअर ती कापून टाकतो, साधा प्लेअर नाही. तानपुरा एक क्षण जरी थांबला तरी मला तरी खटकतं. फ्लॅकमध्ये ही भानगडच नाही.

प्लेअरचं म्हणाल तर विंडोजवर फूबार, लिनक्सवर स्ट्रॉबेरी, फोनवर म्युझिकोलेट. मी प्लेअर निवडताना आधी बघतो तो देवनागरी टॅग नीट दाखवतो का. जुन्या एमपीथ्री टॅगमध्ये गाण्याच्या नावाला फक्त ३० बाइट असायच्या. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या एका अक्षरचिन्हाला तीन लागतात, म्हणजे दहा चिन्हांत नाव संपवा! फ्लॅकचे टॅग पहिल्यापासून यूटीएफ-८, आणि हवा तो रकाना बनवता येतो. मी 'राग' आणि 'ताल' असे रकाने केलेत. फूबारमध्ये एका क्लिकवर घरातले सगळे यमन समोर. एक गंमत, सगळ्या गायकांच्या नावाआधी 'पं.' लावलं की अख्खा संग्रह 'प' खाली जमा होतो. त्यासाठी क्रम लावायच्या नावाचा वेगळा रकाना असतो, तो वापरा.

तर ओव्या. या वेळी नॉईज रिडक्शन लावलं नाही. खरखर आहे, असू दे. मावशी म्हणाली, "व्हॉट्सॲपवर पाठव." मी डॉक्युमेंट म्हणून पाठवली, फाईल जशीच्या तशी जावी म्हणून.

अर्ध्या तासाने तिचा फोन. मला वाटलं आजीबद्दल बोलेल. ती म्हणाली, "जात्याचा खुंटा ढिला होता बघ आमच्या, त्याचा टकटक आवाज येतोय." मी परत लावून ऐकलं. येतो. आणि बाजू अ च्या शेवटी, जे मी २०१६ ला कापलं होतं, तिथे आजोबा म्हणतात, "थांब गं, कॅसेट उलटायचीय." आणि आजी म्हणते, "मी कशाला थांबू, पीठ थांबतंय का?" मग खट्ट.

दोन फाईली केल्यात, बाजू अ आणि बाजू ब. तो खट्ट ठेवलाय.

पुढच्या भागात बॅकअप कुठे आणि किती ठेवायचे ते बोलू. मावशीकडची कॅसेट सध्या तिच्याकडेच आहे, कपाटात, हेही सांगून ठेवतो. भेटू.