‘लाइन’चे बिऱ्हाड

ग्वाल्हेरीत मुरारच्या बाजूस थाटीपुर नावाची वस्ती आहे. श्रोतेहो, तेथील एखाद्या मराठी घरात सकाळपासून कान देऊन बसले, तर एक इंग्रजी शब्द पुन्हा पुन्हा ऐकू येईल. आजी म्हणते, “पंखा थांबला, लाइन गेली वाटते.” सूनबाई सांगतात, “फोनची लाइन लागत नाही.” नातू वहीत दोन ‘लाइनी’ लिहितो, बँकेच्या ‘लाइनीत’ तासभर उभे राहून आजोबा दमून येतात आणि शेजारचा मुलगा पुढे कोणत्या ‘लाइनीत’ जाणार, याचीही चौकशी होते. वीज, दूरध्वनीचा संपर्क, ओळ, रांग आणि उपजीविकेचा मार्ग. गोष्टी पाच, शब्द एकच!

हा शब्द मूळचा जवसाच्या झाडाचा. लॅटिन भाषेत जवसाला ‘लिनुम’ म्हणत आणि त्याच्या धाग्याला ‘लिनेआ’. धागा ताणला की सरळ रेघ दिसते. म्हणून धाग्याचे नाव रेघेला मिळाले, रेघेचे ओळीला आणि ओळीचे रांगेला. फौजेच्या बराकींच्या रांगांनाही तेच नाव पडले. ‘पोलीस लाइन’, ‘सिव्हिल लाइन्स’ ही वस्त्यांची नावे त्याच वळणाची. मुरारला इंग्रजांची छावणी होती. १८८६ साली झाशीच्या बदल्यात मुरार व किल्ला शिंद्यांकडे परत आले. गोरी फौज गेली, तिचा शब्द मात्र राहिला.

छावणीतून शब्द यावा, यात ग्वाल्हेरकरांस नवल वाटू नये. १८१० साली दौलतराव शिंद्यांचा तळ पडला आणि त्याचेच पुढे ‘लष्कर’ नावाचे शहर झाले. तो शब्दही मूळचा फारसीच. तेव्हा परक्या शब्दाला दारातून हाकलून द्यावे, असे कोणी म्हणणार नाही.

प्रश्न निराळाच आहे. मराठीत अक्षरांची ओळ असते, मुंग्यांची रांग असते, जेवणाऱ्यांची पंगत असते. रांगेत ताटकळणे आहे, तर पंगतीत वाढप आहे, आग्रह आहे. पंगतीला ‘लाइन’ म्हटले, की तो आग्रह नाहीसा होतो. काळ्या दगडावरची रेघ सर्वांस ठाऊक आहे. काळ्या दगडावरची ‘लाइन’ कोणी ऐकली आहे काय?

पुण्यातील मुलाला घरात न ऐकलेला मराठी शब्द शाळेत किंवा दुकानाच्या पाटीवर भेटू शकतो. थाटीपुरातील मुलाची गोष्ट तशी नाही. त्याचा बाजार हिंदी, खेळगडी हिंदी. मराठी काय ती घरातच. आजीने टाकलेला शब्द त्या नातवाला दुसरे कोण देणार?

म्हणून विजेला व दूरध्वनीला ‘लाइन’ खुशाल म्हणावे. पाहुण्याला ओसरीवर जागा अवश्य द्यावी, पण त्यासाठी घरच्या माणसांना बाहेर काढू नये. संध्याकाळी नातू वही घेऊन बसला, की आजीने एवढेच विचारावे, “बाळ, किती ओळी लिहून झाल्या?” तेवढ्यानेही एक शब्द आणखी एक पिढी नांदेल.