बोटीवरून उतरावे ते कोठे?



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा भाषण न करता हकीकतच सांगते. गेल्या वर्षी धाकट्या भावोजींनी घरची व त्यांच्या स्नेह्यांची मिळून अकरा माणसे फ्लॉरिडाहून कॅरिबियन समुद्राच्या सफरीस नेली. मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाला बोट एकच दिवस लागणार होती. मुलांना पाण्याखालचे मासे पाहायचे, पुरुषमंडळींना तुलुमचे जुने अवशेष. पण तुलुम पलीकडच्या किनाऱ्यावर. आधी फेरीबोट, मग तासभर मोटार. सासूबाईंचे गुडघे दुखरे. “मी बसते बोटीतच,” त्या म्हणाल्या. त्यांना टाकून कोणाचा पाय निघणार?

मी बेटावरचेच सान गेर्वासिओ सुचविले. माया लोकांची ईश्चेल ही बाळंतपणाची देवी. तिच्यासाठी लांबलांबच्या बायका होड्यांतून या बेटावर येत. जाऊबाईंनी नाक मुरडले, पण आल्या. तुलुम राहिले, पुरुष मुलांबरोबर मासे पाहायला गेले. बोटीच्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते, आपल्या टॅक्सीसाठी थांबत नाही. म्हणून परतीला दोन तास हाताशी ठेवले. (पुरुषांना हे दोनदा सांगावे लागले!)

दगडांवर मोठाले इग्वाना सरडे ऊन खात पडले होते. सासूबाई सावलीला टेकल्या आणि आपल्या पाच बाळंतपणांचे सांगू लागल्या. त्यांतली दोन बाळे जगली नाहीत, हे बावीस वर्षांच्या संसारात मला तेथे प्रथम कळले.