फेरफाराची नवी वही

हरवलेला कागद केव्हा तरी सापडतो. पण एकाच मसुद्याच्या चार प्रती झाल्या, म्हणजे त्यांतली खरी कोणती हे सांगणे अवघड होऊन बसते. संगणक आल्यापासून कचेऱ्यांची ही अडचण वाढलीच आहे. ‘अंतिम’, ‘अंतिम सुधारित’, ‘साहेबांनी पाहिलेला अंतिम’ अशा नावांच्या प्रती साठत जातात आणि एखाद्या दिवशी नेमका जुना मसुदा सहीसाठी पुढे जातो. जबलपूर जिल्ह्यातील कुंडमसारख्या तहसिलीच्या गावी, जेथे भोवतालच्या आदिवासी खेड्यांतून माणसे कामासाठी येतात, तेथे नोटिशीतील एक चुकलेली तारीख म्हणजे एक फुकट हेलपाटा आणि एका दिवसाची बुडालेली मजुरी.

संगणकाचे कार्यक्रम लिहिणाऱ्यांनी या रोगावर आपल्यापुरता इलाज फार पूर्वी शोधला. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये अशी एक व्यवस्था रचली. २००५ मध्ये लिनस टोरव्हाल्ड्स यांनी रचलेली ‘गिट’ आज सर्वांत अधिक प्रचारात आहे. बदल कोणी केला, केव्हा केला व कशासाठी केला, याची नोंद तीत राहते आणि मागची कोणतीही प्रत परत काढता येते. यालाच ‘व्हर्जन कंट्रोल’ म्हणतात.

प्रश्न येतो तो शिकवण्याचा. एकाच कचेरीत एक तरुण भराभर आज्ञा टंकतो, तर शेजारचा अव्वल कारकून कळ दाबण्यापूर्वी दोनदा विचार करतो. पहिल्या दिवशी आज्ञांची यादी फळ्यावर लिहिली, तर दुसरा माणूस तेथेच मनाने उठून जातो. वास्तविक मूळ कल्पना त्यालाच अधिक परिचयाची आहे. सातबाऱ्यावरील जुने नाव कोणी खोडून नाहीसे करीत नाही; ते कंसात जाते, शेजारी फेरफाराचा क्रमांक पडतो आणि कारण गाव नमुना सहामध्ये सापडते. नोंद करणारा एक, तपासून प्रमाणित करणारा दुसरा. मध्य प्रदेशात यालाच नामांतरण म्हणतात. गिटमधील ‘कमिट’ म्हणजे मसुद्याचा असा फेरफारच होय.

म्हणून पहिल्या दिवशी दोनच गोष्टी शिकवाव्यात : कारणासह बदल नोंदवणे आणि जुनी प्रत परत आणणे. सरावाच्या परिपत्रकातील एक परिच्छेद प्रत्येकाने मुद्दाम बिघडवावा व पूर्ववत करावा. बिघडलेले सुधारता येते हे हाताला कळले की भीती ओसरते. दुसऱ्या दिवशी दोघांनी एकच ओळ वेगवेगळी बदलावी. यंत्र दोन्ही पाठ समोर मांडून थांबते. निवड माणसालाच करावी लागते. येथे जलद बोटांपेक्षा नियमांची जाण उपयोगी पडते, आणि मागे राहिलेला कारकून सहजच पुढे येतो. आज्ञा ज्याला हव्यात त्याने शिकाव्यात. इतरांना पडद्यावरची बटणे पुरेत.

दोन इशारे मात्र आरंभीच द्यावेत. साध्या मजकुरातील फरक गिट ओळीओळीने दाखवते. वर्डच्या फाइलींबाबत तसे सहज घडत नाही, तेथे त्या साधनातील मागील आवृत्त्यांची सोयच बरी. दुसरे असे की, एकदा नोंदलेले सहजी पुसले जात नाही. म्हणून पासवर्ड किंवा कोणाचा आधार क्रमांक या वहीत कधीही जाऊ नये.

ज्या कचेरीत चूक लपवण्याऐवजी नोंदवण्याची सवय लागते, तेथे दाराशी उभ्या असलेल्या माणसाला नेमका कागद मिळण्याची आशा धरता येते.