अनेकांचा एक कंठ : विनयचंद्र मौद्गल्य आणि समूहगान



गीत रचणे, गायकवृंद घडविणे आणि त्या वृंदासाठी टिकाऊ संस्था उभारणे ही तीन कार्ये बहुधा तीन निरनिराळ्या व्यक्तींकडून होत असतात. ती एकाच व्यक्तीच्या ठायी एकवटली, म्हणजे एखाद्या समाजाच्या गाण्याची रीतच पालटून जाते. अमेरिकेतील शिकागो शहरात टॉमस डॉर्सी यांनी असे करून दाखविले. ते मूळचे ब्लूज संगीताचे पियानोवादक. १९३० च्या सुमारास त्यांनी त्या लौकिक संगीताचा ठेका कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये नेला, भक्तिगीते लिहिली, गायकवृंद उभे केले आणि १९३२ मध्ये अशा वृंदांच्या राष्ट्रीय परिषदेची स्थापना करण्यात पुढाकार घेतला. ‘गॉस्पेल’ या नावाने पुढे जगभर पोचलेल्या संगीताचे जनकत्व त्यांच्याकडे जाते. देवळात बाजारी संगीत आणल्याबद्दल प्रारंभी त्यांना विरोधही सोसावा लागला.

भारतात याच्याशी तुलना करता येईल अशी एक धारा महाराष्ट्रात उगम पावली आणि दिल्लीत येऊन स्थिरावली. पंडित विनयचंद्र मौद्गल्य हे तिचे दिल्लीतील प्रतिनिधी होत. त्यांचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. त्यांचे एक गीत मात्र देशातील असंख्य मुलांना पाठ आहे. अशा कर्तृत्वाचे स्वरूप समजून घ्यावयाचे, तर त्याचा आरंभ पाहावयास हवा.

तो आरंभ कुरुंदवाडचा. विष्णू दिगंबर पलुसकर यांचा जन्म तेथे १८७२ साली झाला. बालपणी फटाक्याच्या अपघाताने दृष्टी अधू झाल्यामुळे ते मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गाणे शिकू लागले. संस्थानिकाच्या आश्रयास असलेल्या गवयाला समाजात मान नाही, हे त्यांनी तेथे पाहिले आणि १८९६ मध्ये ते मिरज सोडून बाहेर पडले. ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. लोकांच्या देणग्यांवर चालणारी, नियमित वर्ग घेणारी, क्रमिक पुस्तके व स्वरलिपी वापरणारी अशी ही शाळा होती. दरबार आणि कोठी यांतून संगीत बाहेर काढून ते मध्यमवर्गीय घरांत नेण्याचा हा उपक्रम होता. त्यासाठी शृंगारिक बंदिशींच्या जागी भक्तिपर शब्द आले आणि भजनाला मैफलीत प्रतिष्ठा मिळाली. या शुद्धीकरणाची किंमतही होती. ज्या व्यावसायिक गायिकांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जतन केली, त्यांना नव्या प्रतिष्ठित व्यवस्थेत स्थान उरले नाही.

पलुसकरांच्या शिष्यांचा मेळा काँग्रेसच्या अधिवेशनांत राष्ट्रगीते गात असे. १९२३ च्या काकिनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी ‘वंदे मातरम्’च्या गायनास आक्षेप घेतला. हे राष्ट्रीय व्यासपीठ आहे, कोणा एका धर्माचे प्रार्थनास्थळ नव्हे, असे उत्तर देऊन पलुसकरांनी गीत पूर्ण केले. प्रसंग धैर्याचा खराच. परंतु त्यातून एक अवघड प्रश्न पुढे आला. सर्वांनी मिळून गावयाचे तर कोणते शब्द गावयाचे? भक्तीची भाषा एकाला जवळ आणते तेव्हा दुसऱ्याला दूर लोटत नाही ना?

या प्रश्नाला पलुसकरांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांनी साबरमती आश्रमात एक उत्तर शोधले. आश्रमातील प्रार्थनेचे गायन त्यांच्याकडे होते. ‘आश्रम भजनावली’चे संकलन त्यांनी केले आणि १९३० च्या दांडीयात्रेत ते गांधीजींबरोबर चालले. विविध परंपरांतील प्रार्थना एकापाठोपाठ एक म्हणाव्यात, असा त्या उत्तराचा आशय होता. पुढे १९४७ साली दिल्लीतील प्रार्थनासभांत कुराणातील वचने म्हणण्यास काही श्रोत्यांनी हरकत घेतली, तेव्हा हे उत्तरही किती नाजूक आहे, ते दिसून आले.

पलुसकरांचे निधन १९३१ मध्ये झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. ज्येष्ठ शिष्य विनायकराव पटवर्धन यांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय उघडले. विनयचंद्र मौद्गल्य हे या विनायकरावांचे शिष्य. १९१८ मध्ये जन्मलेल्या या तरुणाने, विशीत असतानाच, १९३९ मध्ये दिल्लीत गांधर्व महाविद्यालय सुरू केले. नवी दिल्ली ही राजधानी म्हणून तेव्हा जेमतेम आठ वर्षांची होती. कचेऱ्या, बंगले आणि रुंद रस्ते यांनी सजलेल्या त्या शहरात सर्वसामान्य घरातील मुलामुलींना गाणे शिकण्याची सोय होणे, ही लहान घटना नव्हती. आठ वर्षांनी फाळणी झाली. ज्या लाहोरमध्ये या परंपरेची पहिली शाळा निघाली ते शहर परदेशात गेले आणि तेथून उखडलेली असंख्य कुटुंबे दिल्लीत आली. दिल्लीचे विद्यालय वाढले ते अशा विस्थापितांच्या नगरात. पुढे दीनदयाळ उपाध्याय मार्गावर त्याची स्वतःची वास्तू उभी राहिली आणि गुरूंच्या गुरूचे स्मरण म्हणून विष्णू दिगंबर जयंतीचा संगीत समारोह ही दिल्लीतील एक मान्यवर परंपरा झाली.

मौद्गल्य यांच्या कार्याचा विशेष मात्र समूहगानात आहे. हिंदुस्थानी संगीत हे मूलतः एकट्याचे संगीत. गायक आपला षड्ज आपल्या कंठानुसार निवडतो. पुरुषाची पट्टी बहुधा काळी एकच्या आसपास, तर स्त्रीची काळी चार-पाचच्या आसपास असते. दोघांना एकत्र बसविले की पहिली अडचण येथेच उभी राहते. एकाच षड्जावर गाताना पुरुषांना तारसप्तक झेपत नाही किंवा स्त्रियांचा आवाज मंद्रात विरून जातो. म्हणून वृंदाची चाल मर्यादित स्वरक्षेत्रात बांधावी लागते, कडवी स्त्रीपुरुषांत वाटून द्यावी लागतात.

दुसरी अडचण अलंकरणाची. कण, मुरकी, मींड ही एकट्या गायकाची स्वाक्षरी होय. तीस जणांनी तीस प्रकारची मुरकी घेतली तर गोंगाटच होईल. म्हणून प्रत्येक वळण आधी निश्चित करून, स्वरलिपीत मांडून, सर्वांच्या गळी सारखे उतरवावे लागते. पलुसकरांनी शाळेच्या सोयीसाठी रूढ केलेली शिस्त येथे अपरिहार्य ठरते.

तिसरी अडचण सर्वांत सूक्ष्म आहे. पाश्चात्त्य वृंदगानात निरनिराळे गट एकाच वेळी निरनिराळे स्वर गातात. रागसंगीतात हे जसेच्या तसे आणता येत नाही. भूप रागात मध्यम आणि निषाद वर्ज्य आहेत. चालीच्या वर तिसऱ्या स्वरावर दुसरा आवाज चालवावयाचा ठरविले, तर षड्जावर गांधार येतो तो शोभतो. पण ऋषभावर मध्यम येतो आणि पंचमावर निषाद, म्हणजे राग तेथेच मोडतो. तेव्हा दुसरा आवाज यंत्रवत् न चालवता, कोठे षड्ज-पंचम धरून ठेवणे, कोठे एका गटाने ओळ संपविण्यापूर्वी दुसऱ्याने ती उचलणे, अशा युक्त्या योजाव्या लागतात. वृंद घडविणाऱ्याची परीक्षा होते ती येथे. सर्वांनी एकच स्वर गाणे ही एक प्रकारची एकता. निरनिराळे स्वर एकमेकांना न दुखविता नांदणे ही दुसऱ्या प्रकारची.

मौद्गल्य यांच्या सर्वपरिचित गीताच्या रचनेतही हा भेद दिसतो. ‘हिंद देश के निवासी’ हे ते गीत. त्यात कोणत्याही देवतेचे नाव नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. भजनाच्या परंपरेत वाढलेल्या माणसाने समूहासाठी लिहिताना फुले, पक्षी आणि नद्या निवडल्या. काकिनाड्याच्या प्रश्नाला दिलेले हे एक तिसरे उत्तर म्हणता येईल. त्यातील प्रतिमा मात्र एकसारख्या नाहीत. माळेत ओवलेली फुले आपला रंग व गंध राखून असतात. समुद्रास मिळालेल्या नद्यांचे पाणी पुन्हा वेगळे काढता येत नाही. पहिल्या एकतेत भिन्नता सुरक्षित राहते, दुसरीत ती विरघळते. बालगीत म्हणून सहज गुणगुणल्या जाणाऱ्या या रचनेत आपल्या राष्ट्रीय जीवनातील एक न सुटलेला वाद असा शेजारी शेजारी ठेवलेला आहे.

या गीताला देशभर नेले ते एका छोट्या चित्रपटाने. १९७४ साली फिल्म्स डिव्हिजनसाठी विजया मुळे यांनी ‘एक अनेक और एकता’ हा बोधपट तयार केला. त्याचे सचेतन चित्रण भीमसेन यांचे होते आणि संगीत वसंत देसाई यांचे. जाळ्यासह उडून जाणाऱ्या पक्ष्यांची प्राचीन नीतिकथा आणि अखेरीस हे गीत, अशी त्याची मांडणी आहे. मुंबईत जन्मून दिल्लीत कार्य केलेली दिग्दर्शिका आणि कोकणातून आलेला संगीतकार यांच्या हातून दिल्लीच्या गीतकाराचे शब्द घरोघरी पोचले. देसाई यांची निवड किती यथोचित होती, हे सांगावयास नको. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) आणि ‘गुड्डी’ (१९७१) या चित्रपटांतील त्यांच्या प्रार्थना शाळाशाळांतून म्हटल्या जाऊ लागल्या होत्या. हा बोधपट प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षी, डिसेंबर १९७५ मध्ये, त्यांचे अपघाती निधन झाले. चित्रपट पुढे दूरदर्शनवर वारंवार दाखविला गेला आणि एका संपूर्ण पिढीच्या स्मृतीत जाऊन बसला.

तरीही एक प्रश्न टाळता येणार नाही. एकत्र गाण्याने माणसे एक होतात काय? ज्या दिल्लीत हे विद्यालय चालले तिने १९४७ पाहिले आणि १९८४ ही पाहिले. हा चित्रपट येऊन दहा वर्षे झाली होती, तेव्हा त्याच नगरात शिखांची हत्याकांडे घडली. गीत माणसाला हिंसेपासून परावृत्त करील अशी हमी कोणी देऊ शकत नाही. परंतु गायकवृंद हा केवळ उपदेश नसतो, तो अभ्यास असतो. शेजाऱ्याचा आवाज ऐकल्याखेरीज तेथे आपला आवाज लावता येत नाही. मोठा आवाज असलेल्याला तो आवरावा लागतो आणि दबलेल्याला तो उचलावा लागतो. आठवड्यामागून आठवडे ही सवय लावून घेणे, एवढेच शिक्षकाच्या हाती असते. मौद्गल्य यांनी आयुष्यभर तेच केले.

१९९५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी घडविलेल्या गांधर्व वृंदाची आणि विद्यालयाची धुरा पुत्र मधुप मुद्गल यांनी वाहिली. ते कुमार गंधर्वांकडेही शिकलेले गायक. कन्या माधवी मुद्गल यांनी ओडिसी नृत्यात नाव मिळविले. संतांची पदे आणि विविध भारतीय भाषांतील गीते यांचा संग्रह हा या वृंदाचा ठेवा होय. मौद्गल्य यांना पद्मश्रीचा सन्मान लाभला होता. तथापि त्यांच्या गीताला कर्त्याच्या नावाची गरज भासलेली नाही. शाळेच्या पटांगणात ते म्हणणारी मुले ते आपलेच समजून म्हणतात आणि त्यांतील प्रत्येकाला, सूर जुळावयाचा असेल तर, शेजारच्याकडे कान द्यावाच लागतो.