लाटांचे आघात आणि जहाजांची सुरक्षितता



१७ जून २०१३ रोजी, ऐन पावसाळ्यात, येमेनच्या किनाऱ्यापासून सुमारे २०० सागरी मैलांवर 'एमओएल कम्फर्ट' हे ३१६ मीटर लांबीचे कंटेनर जहाज मध्यभागी मोडून दुभंगले. ते अवघे पाच वर्षांचे होते. मुंबई येथील सागरी बचाव समन्वय केंद्राने जवळच्या जहाजांना तिकडे वळविले आणि सर्व २६ जणांचे प्राण वाचले. जहाजाचे दोन्ही भाग मात्र वाहत जाऊन पुढे बुडाले.

खवळलेल्या समुद्रात जहाजावर दोन प्रकारचे भार येतात. लाटेचा माथा जहाजाच्या मध्याखाली आला म्हणजे दोन्ही टोके खाली वाकू पाहतात. वरचा डेक ताणला जातो व तळ दाबला जातो. लाटेचा खळगा मध्याखाली आला म्हणजे याच्या उलट घडते. दुसरा भार आकस्मिक असतो. वर उचलली गेलेली नाळ पुन्हा पाण्यावर आपटते आणि घणाचा घाव बसलेल्या पहारीप्रमाणे सारा सांगाडा थरथरतो. ही थरथर पहिल्या भारात मिळाली की धोका वाढतो.

हे आघात मोजण्यासाठी डेकवर ताणमापके आणि नाळेच्या पत्र्यावर दाबमापके बसवितात. ताणमापकाचे तत्त्व साधे आहे. पोलाद किंचित ताणले गेले की त्यास जोडलेली बारीक धातुपट्टीही ताणली जाते व तिचा विद्युत्‌रोध बदलतो. लाट काही सेकंदांत सरकते. आपटण्याचा दाब मात्र सेकंदाच्या अल्पांशात येऊन जातो. म्हणून दर सेकंदास शेकडो नोंदी घ्याव्या लागतात; विरळ नोंदींतून सर्वांत मोठा तडाखाच निसटतो. आकडे मर्यादेकडे सरकू लागताच कप्तान वेग कमी करू शकतो अथवा दिशा बदलू शकतो.

सुट्या मालाच्या मोठ्या जहाजांवर अशी यंत्रणा असावी, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९९४ मध्येच केली होती. 'कम्फर्ट'च्या भगिनी-जहाजांच्या तपासणीत तळाच्या पत्र्यांना पोचे आढळले. पुढे २०१५ मध्ये जहाज-वर्गीकरण संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघाने कंटेनर जहाजांच्या मजबुतीचे नवे नियम केले. मोठ्या जहाजांच्या बाबतीत या थरथरीचाही विचार करणे त्यांत आवश्यक ठरले.

कोकणातील अनेक घरांतील माणसे जहाजांवर नोकरीस आहेत. शाळेतील पट्टी दोन्ही हातांनी वाकवून एका बाजूस ताण व दुसऱ्या बाजूस दाब कसा पडतो, हे शिक्षकांना वर्गात सहज समजावता येईल. त्या वर्गातीलच कोणी उद्या अशा जहाजाच्या डेकवर उभा असेल.