पहिल्या गाण्यानंतर दुसरं गाणं

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या भाषणाचा लेखी मसुदा)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'मोबाइल अ‍ॅप' हे शब्द वाचून काहीजण चहाच्या टेबलाकडे सरकले, ते मी इथून पाहिलं. त्यांना परत बोलवा. मी प्रोग्रामर नाही. गेली बावीस वर्षं मी इथे न्यू जर्सीत फार्मसिस्ट म्हणून काम करते. गोळ्या मोजते, डॉक्टरांचं अक्षर वाचते. (दुसरं काम जास्त अवघड.) तेव्हा आज मी जे सांगणार आहे ते तुमच्यातल्या कुणालाही कळेल, आणि कुणालाही करता येईल. खरं तर तेवढंच सांगायला मी उभी आहे.

विषय आहे गाणी वाजवणारं एक मुक्त अ‍ॅप आणि त्यावर जगभरच्या माणसांनी मिळून केलेलं काम. ओपन सोर्स म्हणजे काय, तर ज्याचा कोड कुणीही वाचू शकतो, बदलू शकतो आणि बदललेला पुढे देऊ शकतो. पाककृती उघडी ठेवणारी सुगरणच म्हणा ना! तुम्ही तिच्या कृतीत गूळ वाढवा, पण तुमची सुधारलेली कृती पुढे देताना तीही उघडीच ठेवा, एवढीच बऱ्याच परवान्यांची अट असते.

याचं तुम्हा सर्वांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे व्हीएलसी, ते नारिंगी शंकूचं चित्र असलेलं. पॅरिसच्या एकोल सेंत्राल या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली तो प्रकल्प सुरू केला आणि २००१ मध्ये तो जीपीएल परवान्याखाली सर्वांसाठी खुला झाला. आज तो संगणकावर आहे, फोनवर आहे, आणि जाहिरात एकही नाही.

आता माझा यात शिरकाव कसा झाला ते सांगते. माझ्या सासूबाई ८४ वर्षांच्या. सांगलीहून आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा दोन सुटकेसपैकी एकीत कॅसेटीच होत्या. नाट्यसंगीत, भजनं, आकाशवाणीवरून टेप केलेल्या मैफिली, आणि त्यांच्या आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या. ह्या ओव्यांची दुसरी प्रत जगात कुठेही नाही. आमच्या ह्यांनी २००३ च्या सुमारास सगळ्या कॅसेटी संगणकावर उतरवून घेतल्या होत्या, त्या फायली आता फोनवर आल्या.

पण मधल्या काळात सासूबाईंची नजर गेली. मॅक्युलर डीजनरेशन. कडेकडेचं थोडं दिसतं, समोरचं नाही. पुस्तक सुटलं, टीव्ही सुटला. राहिलं ते गाणं, आणि तेही दुसऱ्याने लावून दिलं तर. ज्या बाईने ३४ वर्षं शाळा चालवली, तिला नातीला हाक मारून सांगावं लागायचं, "जरा पुढचं लाव गं." त्या बोलून दाखवत नसत. पण हळूहळू गाणी ऐकणंच कमी झालं.

फोनमध्ये अंध व्यक्तींसाठी बोलणारी सोय असते. स्क्रीनवर बोट फिरवलं की बोटाखाली काय आहे ते फोन वाचून दाखवतो. ती आम्ही सुरू केली. एका बड्या कंपनीचं अ‍ॅप होतं, त्यात जाहिरातींचीच बटणं निम्मी. मग लेकीने एक मुक्त प्लेअर शोधला. त्याचं नाव मुद्दाम सांगत नाही, मला जाहिरात करायची नाही. साधा, स्वच्छ, इंटरनेटशिवाय चालणारा. फक्त त्याच्या पाचपैकी तीन बटणांवर बोट ठेवलं की फोन म्हणायचा, "बटण." पुढे काही नाही. कसलं बटण? ते पाहणाऱ्याला चित्रावरून कळतं, न पाहणाऱ्याला कळत नाही.

कारण अगदी साधं आहे. चित्राचं बटण करताना त्याला शब्दांत एक नाव द्यावं लागतं, ते द्यायचं राहून गेलं होतं. बंद अ‍ॅप असतं तर आपण तक्रार पाठवून वाट पाहिली असती. इथे कोड उघडा होता. माझी लेक तेव्हा दहावीत. तिने ती जागा शोधली, मी तीन बटणांना नावं दिली, 'मागचं गाणं', 'पुढचं गाणं', 'थांबवा', सोबत इंग्रजी नावं, आणि आम्ही तो बदल मूळ प्रकल्पाकडे 'हे घेता का?' म्हणून पाठवला. याला पुल रिक्वेस्ट म्हणतात. प्रकल्प सांभाळणारा गृहस्थ जर्मनीत राहतो. आठ दिवसांनी त्याचं उत्तर आलं. आभार मानले, आणि विचारलं, "बाकीच्या पडद्यांवरची बटणंही तपासाल का?" आम्ही तपासली. एकूण १९ निघाली.

हे काही जगावेगळं नाही बरं का. रॉकबॉक्स नावाचा एक मुक्त प्रकल्प २००१ पासून आहे. खिशातल्या एमपीथ्री प्लेअरमध्ये कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी तो घालता यायचा. त्यात मेनू बोलून दाखवण्याची सोय होती, त्यामुळे अंध मंडळींमध्ये तो फार लोकप्रिय झाला. गरज असलेली माणसं आणि कोड लिहिणारी माणसं एका जागी भेटली की हे असं होतं.

आता गीतरामायणाची गंमत ऐका. गदिमा आणि बाबूजींचं गीतरामायण १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला एक गीत असं प्रसारित झालं. एकूण गीतं ५६. त्यांचा क्रम म्हणजेच कथा. आमच्या फायलींना ह्यांनी हौसेने मराठी आकडे दिले होते: गीतरामायण १, गीतरामायण २ असे. सासूबाईंनी स्वतःच्या हाताने पहिलं गीत लावलं, आणि ते संपल्यावर लागलं दहावं. मग अकरावं, मग बारावं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, रामाचा जन्म सहाव्या गीतात. इथे तर जन्माआधीच सीतास्वयंवर उरकलं!"

झालं होतं असं की अ‍ॅपला १, २, १०, ११ हा क्रम नीट लावता यायचा, पण फक्त इंग्रजी आकड्यांचा. देवनागरी १ आणि ० ही त्याच्या लेखी नुसती अक्षरं होती. म्हणून बाराखडीसारखं लावलं तर १ नंतर १०, ११, १२ असं १९ पर्यंत, आणि मग २. लेक म्हणाली, "आई, याला आपले आकडे आकडेच वाटत नाहीत."

दुरुस्ती सहा-सात ओळींची. पण ती स्वीकारली जायला पाच आठवडे लागले, आणि त्या पाच आठवड्यांत मला या कामाची खरी रीत समजली. जर्मन गृहस्थाने विचारलं, एकाच नावात दोन्ही प्रकारचे आकडे असले तर? आकड्याआधी शून्य असलं तर? आणि उद्या दुसऱ्या कुणी कोड बदलला आणि हे पुन्हा मोडलं, तर ते कळणार कसं? म्हणून आधी चाचणी लिहा, मग बदल घेतो. लेकीला वाटलं, तो टाळतोय. मी तिला म्हटलं, दुकानात औषध देताना मी दोनदा नाव वाचते आणि जन्मतारीख विचारते, तेव्हा मी टाळत असते का? तिने चाचण्या लिहिल्या. आणि मग चर्चेत एक बांगलादेशी विद्यार्थी आला, एक इजिप्तमधला माणूस आला. त्यांच्या आकड्यांचीही तीच रड होती. त्याच ओळींनी तिघांचं काम झालं. गाव करी ते राव न करी, ही म्हण त्या जर्मनाला मी भाषांतर करून पाठवली. त्याला ती फार आवडली.

दुसरी एक अडचण सांगते, ती बोटांवर मोजता येईल. एमपीथ्री फाइलच्या शेवटी गाण्याचं आणि गायकाचं नाव लिहायची एक जुनी पद्धत १९९६ मध्ये निघाली. तिच्यात प्रत्येक नावाला ३० घरं, म्हणजे ३० बाइट. इंग्रजी अक्षराला एक घर पुरतं. आजच्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लिपिसंकेतात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन घरं लागतात, काना-मात्रा-अनुस्वार धरून. आता मोजा 'लता मंगेशकर'. ल, त, काना, म, अनुस्वार, ग, मात्रा, श, क, र. दहा चिन्हं, तीस घरं. आणि मधली मोकळी जागा एक. एकतीस! एका घरासाठी आमच्या फोनवर लताबाई 'लता मंगेशक' आणि पुढे एक प्रश्नचिन्ह अशा दिसायच्या. 'भीमसेन जोशी' मोजलं तर तेही एकतीसच भरतं. कुणी मुद्दाम केलेलं नाही हे. ती पद्धत ठरवताना टेबलाभोवती आपलं कुणी नव्हतं, एवढंच. म्हणून टेबलाभोवती जाऊन बसायला हवं.

मग भाषांतराला बसलो. यंत्राने केलेलं मराठी भाषांतर आधीपासून होतं. त्यात 'प्ले'च्या बटणावर लिहिलं होतं 'खेळा', आणि 'ट्रॅक'ला 'मागोवा'! आम्ही पाचजण होतो. एक नागपूरच्या, एक बेळगावचे, एक दुबईतले, माझी लेक आणि मी. 'वाजवा' की 'ऐका' यावर तीन आठवडे खल झाला. 'शफल'ला कुणी 'सरमिसळ' म्हणालं, कुणी म्हणालं शफलच ठेवा, पत्ते पिसतानाही आपण दुसरं काय म्हणतो? शेवटी ठरलं की सासूबाईंना फोनवरून ऐकवायचं आणि त्यांना जे चटकन कळेल ते ठेवायचं. 'वाजवा' जिंकलं. 'सरमिसळ'ही जिंकलं. '१ गाणी' असं दिसायचं, तिथे '१ गाणं' आणि '२ गाणी' वेगळं केलं. व्याकरणाच्या बाईंना तेवढं खटकलं होतं!

आता दोन गोष्टी जरा गंभीरपणे.

पहिली, प्लेअर मुक्त आहे म्हणजे गाणं फुकट आहे असं नाही. गाण्याचा हक्क ज्याचा त्याचा. आणि कोड लिहिणाऱ्याचाही हक्क असतोच, त्याने तो परवान्याच्या अटीवर सर्वांना दिलेला असतो. व्हीएलसी आयफोनच्या दुकानातून २०११ च्या जानेवारीत काढलं गेलं, कारण तिथल्या अटी जीपीएलशी जुळत नाहीत अशी हरकत त्याच प्रकल्पातल्या एका लेखकाने घेतली होती. मग परवाना बदलायचा तर कोड लिहिणाऱ्या शेकडो लोकांना गाठून त्यांची संमती घेणं आलं. ते काम त्यांनी चिकाटीने केलं आणि जुलै २०१३ मध्ये ते परत आलं. दहा ओळी लिहिणाऱ्यालाही विचारावं लागतं, ही मला यातली सर्वात सुंदर गोष्ट वाटते.

दुसरी गोष्ट, हे सांभाळणारी माणसं. आमचा जर्मन गृहस्थ नोकरी करून रात्री हे काम करतो. पैसे मिळत नाहीत. मागच्या वर्षी त्याला मूल झालं आणि दोन महिने त्याचं उत्तर नाही. तेवढ्यात लोकांनी त्याला काय काय लिहिलं! 'अ‍ॅप मेलं का?' 'जमत नसेल तर दुसऱ्याला द्या.' हे नुसतं वाईट दिसतं असं नाही, धोक्याचं आहे. २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या एका छोट्या, पण असंख्य संगणकांत असलेल्या मुक्त सॉफ्टवेअरचं प्रकरण उघडकीला आलं. ते सांभाळणारा एकटा माणूस थकलेला होता. काही नावांनी त्याच्यावर दबाव आणला, एकाने दोनेक वर्षं मदत करून विश्वास मिळवला, आणि मग आत चोरदरवाजा बसवला. अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढं खटकलं, म्हणून ते सापडलं. तेव्हा जो फुकट काम करतोय त्याच्या पाठीशी चार माणसं असणं ही सगळ्यांच्याच सुरक्षिततेची बाब आहे.

आता आपल्या मंडळाकडे वळते. आपण गणपतीत शंभर माणसांचा स्वयंपाक करतो. कांदा चिरणारा वेगळा, पोळ्या लाटणारी वेगळी, आणि 'मीठ कमी आहे' सांगणारेही लागतात. इथेही तसंच आहे. कोड येत नसेल तर भाषांतर तपासा. तेही नको तर आपल्या आईवडिलांच्या हातात अ‍ॅप द्या आणि ते कुठे अडतात ते लिहून कळवा: कुठला फोन, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. चार ओळी. अशी नीट लिहिलेली तक्रार म्हणजे निम्मी दुरुस्ती, असं तो जर्मन म्हणतो. आणि आपली मुलं शाळेच्या स्वयंसेवेचे तास भरायला धडपडत असतातच. मराठी शाळेच्या खोलीत महिन्यातून एक शनिवार, दोन तास बसू या. खोलीची परवानगी अध्यक्षांनी दिली आहे.

अजून ४३ वाक्यांचं मराठी बाकी आहे. गाणी शोधण्याच्या चौकटीत ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी गाणं सापडावं, हे काम तर अजून कुणी हातातच घेतलेलं नाही. सासूबाईंची ती नवी मागणी आहे, आणि त्या आठवण करून देण्यात हयगय करत नाहीत.

मागच्या दाराशी वहीत नाव लिहा. नाव, फोन नंबर, आणि काय जमेल ते. समोशांची रांग तिथूनच जाते, त्यामुळे कुणाला वही दिसली नाही असं होणार नाही.